खाणीचे पाणी आणि करवंटीचा कोळसा

गोव्याच्या उत्तर टोकाला पेडणे तालुका आहे आणि त्याच्या आग्नेयेस डिचोली. दोहोंची भूमी एकाच जातीची आहे. वर जांभ्या दगडाचा सडा, उतारावर काजू, पायथ्याच्या झरीवर पोसलेली माड-पोफळीची कुळागरे, त्याखाली भातशेते आणि शेवटी खाडीकाठची खाजने. डोंगरावर पडलेले पाणी या सर्व पायऱ्या उतरून खाडीला मिळते आणि वाटेत त्याने जे उचलले असेल ते प्रत्येक पायरीला थोडे थोडे वाटून जाते. गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे या पाण्याने उचललेल्या पदार्थांत खाणीची माती हा प्रमुख पदार्थ होय.

डिचोली तालुक्यात शिरगाव, मये, मुळगाव, लामगाव, पाळी, वेळगे या गावांच्या परिसरात लोहखनिजाचे साठे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर पोर्तुगीज अमदानीतच येथील खनिजाच्या निर्यातीने जोर धरला. मुक्तीनंतर ती वाढत गेली आणि २०१०-११ च्या सुमारास वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात पोहोचली. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबविले. एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत त्याला मुभा मिळाली. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने नूतनीकरण केलेले खाणपट्टे रद्द झाले व मार्चच्या मध्यास काम पुन्हा बंद पडले. डिसेंबर २०२२ पासून खाणपट्ट्यांचा लिलाव सुरू झाला आणि २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात उत्खननास पुनश्च प्रारंभ झाला. या मधल्या वर्षांत उत्खनन थांबले, पण पाऊस थांबला नाही. खोल खंदक पाण्याने भरले आणि वर रचलेल्या टाकाऊ मातीच्या ढिगांवरून दर पावसाळ्यात पाणी वाहतच राहिले.

पेडणे तालुक्याची गोष्ट निराळी आहे. तो मुख्यत्वे शेती-बागायतीचा तालुका. पण त्याच्या उत्तरेस तेरेखोल नदी व दक्षिणेस शापोरा नदी. तेरेखोलच्या मुखापलीकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडीची लोहखाण आहे आणि शापोऱ्याला मिळणारी कळणे नदी दोडामार्ग तालुक्यातील खाणीच्या परिसरातून पेडण्यात उतरते. जुलै २०२१ मध्ये कळणे येथील खाणीच्या खंदकाचा बांध फुटून चिखलमिश्रित पाणी तेथील घरांत व बागायतींत शिरले होते. खाण एका राज्यात आणि पाणी दुसऱ्या राज्यात, अशी ही परिस्थिती आहे. नदी सीमेवर थांबत नाही, हे पेडण्याच्या शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको.

तांबडे पाणी आले की गाव जागे होते, ग्रामसभेत प्रश्न विचारले जातात, अधिकारी पाहणीस येतात. पाणी निवळले की प्रश्न मिटला असे समजण्यात येते. ही समजूत अर्धीच खरी आहे. जे डोळ्यांना दिसते तेवढेच पाण्यात असते असे नाही. आणि जे दिसत नाही ते काढण्यासाठी नारळाच्या करवंटीपासून केलेल्या कोळशासारखे पदार्थ कितपत उपयोगी पडतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे. या कोळशाविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते. त्याचे सामर्थ्य मोठे आहे, पण त्याची जागा ठरलेली आहे. ती चुकली तर पैसा जातो आणि पाणी होते तसेच राहते.

धातूची दोन रूपे

चहाच्या भांड्यात भुकटी आणि साखर दोन्ही असतात. गाळणीतून ओतल्यावर भुकटी वर राहते, साखर मात्र कपात येते. खाणीच्या पाण्यातील धातूंचेही असेच आहे. काही धातू मातीच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटून तरंगत असतात. काही पाण्यात पूर्णपणे विरघळलेले, म्हणजे आयनांच्या रूपात असतात. पहिले रूप निवळण्याने व गाळण्याने जाते. दुसरे जात नाही.

गोव्याचे लोहखनिज हेमॅटाइट, गोएथाइट व लिमोनाइट या प्रकारचे, म्हणजे लोह आणि प्राणवायू यांच्या संयोगाने बनलेले आहे. त्यात गंधकयुक्त खनिजे अल्प असतात. मेघालयातील जैंतिया टेकड्यांत कोळशाच्या खाणींतून तीव्र आम्लयुक्त पाणी झिरपते, त्यामागे गंधकच असते. तसे सर्वनाशी पाणी गोव्यात सहसा आढळत नाही. येथे धातूंचा फार मोठा हिस्सा गाळावर स्वार होऊन प्रवास करतो. लोहाच्या गंजासारखे हे तांबडे कण स्वतःच शिसे, जस्त, तांबे, क्रोमियम यांसारख्या धातूंना धरून ठेवतात. म्हणून गाळ अडविला की धातूंचा बराचसा भार आपोआप अडतो. मांडवी व झुवारी नद्यांच्या खाड्यांतील गाळात लोह आणि मँगनीज किती साचले आहे, याचा अभ्यास दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने व गोवा विद्यापीठाने केलेला आहे. तो अभ्यास गाळाचा आहे, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. धातू प्रथम तेथेच जाऊन बसतात.

परंतु बसलेला धातू कायमचा बसतो असे नाही. भाताच्या खाचरात पाणी उभे राहिले की काही दिवसांत मातीतील प्राणवायू संपतो. मग मातीतील जिवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी मँगनीजच्या व त्यानंतर लोहाच्या संयुगांचा उपयोग करतात. या क्रियेत न विरघळणारे लोह आणि मँगनीज विरघळणारे होतात आणि त्यांच्या पृष्ठावर चिकटलेले इतर धातूही काही प्रमाणात मोकळे सुटतात. जांभ्याच्या मातीत भाताच्या पानांवर तपकिरी ठिपके पडून रोप खुंटते, याचे एक कारण लोहाचा असा अतिरेक हे आहे. रोप उपटून पाहिल्यास मुळांवर नारिंगी थर दिसतो. खाणीचा गाळ ज्या खाचरांत शिरला आहे तेथे या स्वाभाविक क्रियेला अधिक कच्चा माल मिळतो, इतकेच.

हीच क्रिया खोल खंदकांच्या तळाशीही घडू शकते. खंदकातील पाणी वरून निळसर-हिरवे, अगदी आरशासारखे दिसते. पण खोल साठ्याच्या तळाशी प्राणवायू पोहोचत नसेल तर तेथे मँगनीज विरघळू लागते. उन्हाळ्यातील टंचाईत अशा साठ्यांचे पाणी वापरात आणण्याचा विचार होतो, तेव्हा पंप किती खोलीवर बसविला आहे हा प्रश्न तांत्रिक वाटला तरी आरोग्याचा असतो. वरच्या थराचे पाणी आणि तळाचे पाणी ही दोन भिन्न पाणी समजावीत.

लोहापेक्षा मँगनीजची चिंता अधिक का, असे कोणी विचारील. विरघळलेले लोह हवेशी संयोग होताच तांबडे होऊन स्वतःची चाहूल देते. मँगनीज तसे करीत नाही. साधारण उदासीन पाण्यात ते दीर्घकाळ अदृश्य राहते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार (२०१२) पिण्याच्या पाण्यात मँगनीज लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ मिलिग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने अलीकडे ०.०८ मिलिग्रॅम ही तात्पुरती मार्गदर्शक मर्यादा सुचविली आहे, ती मुख्यतः बाटलीचे दूध पिणाऱ्या अर्भकांना डोळ्यांसमोर ठेवून. दीर्घकाळ अधिक मँगनीज पोटात गेल्यास लहान मुलांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होण्याचा संभव असतो. शिसे व कॅडमियम यांच्या मर्यादा याहून फारच कडक आहेत. त्या अनुक्रमे ०.०१ व ०.००३ मिलिग्रॅम.

विहिरीच्या पाण्याची काही लक्षणे घरच्या घरी ओळखता येतात. भांड्यावर व कपड्यावर तांबूस डाग पडल्यास लोह, काळपट डाग पडल्यास मँगनीज असल्याचा संशय घ्यावा. चहा नेहमीपेक्षा काळा पडणे हेही लोहाचे लक्षण आहे. शाळेत शिक्षकांना एक सोपा प्रयोग करून दाखविता येईल. हिरड्याच्या चूर्णाचा काढा लोहयुक्त पाण्यात टाकला असता पाणी निळे-काळे होते. जुन्या काळी शाई याच युक्तीने करीत. पाण्यावर तेलासारखा तवंग दिसल्यास काडीने ढवळून पाहावे. तवंगाचे तुकडे होऊन ते तसेच राहिले तर तो लोहजिवाणूंचा आहे. पुन्हा एकत्र आला तर तेलाचा. मात्र शिसे, कॅडमियम यांना घरगुती परीक्षा नाही. त्यांचे मोजमाप प्रयोगशाळेतच होते.

पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट वाफ गेल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते. तुरटी किंवा निवळीच्या बिया गाळ खाली बसवितात, पण विरघळलेले मँगनीज त्यांना दाद देत नाही.

कोळसा काय करतो

जुन्या पाठ्यपुस्तकांतून चार मडक्यांच्या गाळणीचे चित्र असे. एका मडक्यात कोळसा, एकात वाळू, एकात खडी. कोळसा पाण्याचा वास व रंग ओढून घेतो ही माहिती फार जुनी आहे. तिचा शास्त्रीय शोध अठराव्या शतकात लागला. कोळसा वायू धरून ठेवतो हे शेले या शास्त्रज्ञाने १७७३ मध्ये दाखविले आणि द्रवांतील रंग काढून टाकतो हे लोविट्झ याने १७८५ मध्ये. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून रक्षण करणाऱ्या मुखवट्यांसाठी नारळाच्या करवंटीच्या कोळशाला एकाएकी मोठी मागणी आली, कारण तो कठीण असतो आणि त्याची छिद्रे अतिसूक्ष्म असतात.

चुलीतला कोळसा आणि गाळणीसाठी तयार केलेला कोळसा यांत अंतर आहे. करवंटी प्रथम हवेचा पुरवठा रोखून तापवितात, म्हणजे तिचा कोळसा होतो. नंतर सुमारे ८०० ते १,००० अंश सेल्सियस तापमानाला त्यावरून पाण्याची वाफ सोडतात. वाफेने कोळशाचा काही भाग खाल्ला जाऊन आत असंख्य बारीक विवरे तयार होतात. यास सक्रियित कोळसा म्हणतात. चांगल्या प्रतीच्या एक ग्रॅम सक्रियित कोळशाचे आतील-बाहेरील मिळून क्षेत्रफळ सुमारे १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरते. चिमूटभर भुकटीत दहा गुंठ्यांची शेती सामावली आहे, असे म्हणता येईल.

या पृष्ठावर पाण्यातील पदार्थ येऊन चिकटतात. यास अधिशोषण म्हणतात. बोळा पाणी पितो ते शोषण. भिंतीला धूळ चिकटते ते अधिशोषण. पण धातूंच्या बाबतीत दहा गुंठ्यांचा हिशेब फसवा ठरतो. रंगाचे व वासाचे रेणू कोळशाच्या साध्या पृष्ठावरही चिकटतात. विद्युतभार असलेले धातूचे आयन तसे चिकटत नाहीत. त्यांना पृष्ठावर प्राणवायूयुक्त आम्लगटांची आसने लागतात. ज्या कोळशावर अशी आसने अधिक, तो धातूंसाठी चांगला, मग त्याचे क्षेत्रफळ थोडे कमी का असेना. यासाठीच प्रयोगशाळेत कोळशाला नायट्रिक आम्लासारख्या द्रव्याची प्रक्रिया देऊन आसने वाढवितात. बाजारातील घरगुती शुद्धीकरण यंत्रातील कोळसा प्रामुख्याने क्लोरीन व वास काढण्यासाठी असतो. तो धातूही काढीत असेल असे गृहीत धरू नये.

फेरीबोटीतील बाकांची उपमा येथे लागू पडते. बाके मोजकी असतात आणि प्रवासी अनेक जातीचे. पाणी आम्लधर्मी असेल तर हायड्रोजनचे आयन आधी चढून जागा अडवितात आणि धातू धक्क्यावरच राहतात. जांभ्याच्या भूमीतील विहिरींचे पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी असते, हे ध्यानात घेता ही अडचण किरकोळ नव्हे. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही जागेसाठी झगडतात. धातूंमध्येही सर्व सारखे नाहीत. शिसे व तांबे सहसा घट्ट बसतात. जस्त, निकेल, कॅडमियम त्या मानाने सैल. आणि मँगनीज बहुधा सर्वांच्या मागे राहते. म्हणजे गोव्यात ज्या धातूची अधिक विवंचना, त्यालाच साधा कोळसा कमी धरतो. यावर उपाय आहे. कोळशाला पोटॅशियम परमँगनेटची प्रक्रिया देऊन त्यावर मँगनीज डायऑक्साइडचा काळा थर चढविला की तो थर विरघळलेल्या मँगनीजला ओढून घेतो. धातूनेच धातू पकडण्याची ही युक्ती साध्या कोळशाहून पुष्कळ प्रभावी ठरते.

सक्रियित कोळशाखेरीज इतरही कार्बनी पदार्थ आहेत. भाताचा तूस, नारळाची सोडणे, काजूची टरफले हे पदार्थ मर्यादित हवेत ३५० ते ६०० अंशांवर जाळून जो कोळसा मिळतो त्यास जैवकोळसा म्हणतात. त्यावर वाफेची प्रक्रिया नसते, त्यामुळे तो स्वस्त पडतो. त्यातील राखेमुळे पाण्याची आम्लता कमी होते आणि काही धातू त्याच कारणाने खाली बसतात. काजूची टरफले मात्र उघड्यावर जाळू नयेत. त्यांतील तेलाचा धूर दाहक असतो. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या व ग्राफीन ऑक्साइड यांवरही जगभर संशोधन चालू आहे आणि प्रयोगशाळेतील त्यांचे आकडे दिपविणारे आहेत. तूर्त तरी त्यांची किंमत आणि पाण्यातून त्यांना परत गोळा करण्याची अडचण पाहता गावच्या विहिरीशी त्यांचा संबंध दूरचा आहे.

आकड्यांविषयी एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. शोधनिबंधांत एक ग्रॅम कोळसा पन्नास, शंभर मिलिग्रॅम धातू धरतो असे उल्लेख येतात. ते बहुधा खूप धातू असलेल्या, मुद्दाम तयार केलेल्या पाण्यात मोजलेले असतात. पाण्यात धातू जितका कमी तितकी कोळशाची पकडही कमी, असा अधिशोषणाचा नियम आहे. लिटरला अर्धा मिलिग्रॅम मँगनीज असलेल्या विहिरीत त्या मोठ्या आकड्यांचा उपयोग नाही. योजना आखणाऱ्यांनी प्रत्यक्ष त्या विहिरीच्या पाण्यावर चाचणी घेतल्यावाचून कोळशाची खरेदी करू नये.

हिशेब आणि क्रम

कोळसा कोठे वापरावा हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होते. एक हेक्टर ढिगावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि आषाढात तेवढा पाऊस येथे नवलाचा नाही, तर १० लाख लिटर पाणी होते. त्यात लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मँगनीज विरघळलेले आहे व ते ०.१ वर आणावयाचे आहे असे धरू. एक ग्रॅम कोळसा ५ मिलिग्रॅम मँगनीज धरतो असेही हिशेबापुरते मानू. मग एक किलो कोळसा १२,५०० लिटर पाण्यास पुरेल आणि त्या एका दिवसाच्या पाण्यास ८० किलो लागेल. शिवाय ते पाणी गाळाने भरलेले, म्हणजे कोळशाची छिद्रे पहिल्या तासातच बुजणार. शेकडो हेक्टरांचे ढीग आणि चार महिन्यांचा पावसाळा लक्षात घेतला तर हा मार्ग व्यवहार्य नाही हे सांगावयास तज्ज्ञाची गरज नाही.

आता हजार वस्तीचे गाव घ्या. माणशी ५५ लिटर धरल्यास दिवसाला ५५,००० लिटर पाणी लागते. त्यास वरील हिशेबाने ४.४ किलो कोळसा पुरतो. केवळ पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी, म्हणजे माणशी दहा लिटर, स्वच्छ करावयाचे ठरविले तर दिवसाला एक किलोही लागत नाही. हा खर्च ग्रामपंचायतीच्या आवाक्यात येतो. करवंट्या तर गोव्यात घरोघरी आहेत.

तेव्हा ढिगावर बांध, आणि नळाशी कोळसा. ढिगाचा उतार कमी करून त्यावर गवत व झाडे लावणे, पायथ्याशी जांभ्याच्या दगडाची अडवणूक भिंत घालणे, पाणी एकामागून एक निवळण-तळ्यांतून फिरविणे आणि ती तळी पावसाळ्यापूर्वी उपसून रिकामी करणे, ही खाणीच्या जागेची कामे आहेत. ती झाली नाहीत तर खालच्या बाजूस कितीही उत्तम गाळणी बसविली तरी ती टिकत नाही. निवळण-तळे भरलेले असताना पाऊस आला की तळ्यातील सर्व गाळ एकदम ओढ्यात उतरतो. जे वर्षभर अडविले ते एका रात्रीत जाते. पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीत कागदावरील तळ्यांची संख्या मोजण्याऐवजी काठी बुडवून खोली मोजणे अधिक उपयुक्त ठरेल.

गावच्या विहिरीवर किंवा नळयोजनेवर शुद्धीकरणाचा क्रम असा असावा. पाणी प्रथम दगडी पायऱ्यांवरून खेळवीत खाली आणावे, म्हणजे हवा मिसळून लोह तांबडे होऊन वेगळे होते. आम्लता कमी करण्यासाठी पाणी चुनखडीच्या किंवा शिंपल्यांच्या थरातून जाऊ द्यावे. शिंपल्यांचा चुना गोव्याच्या बांधकामास नवा नाही. नंतर वाळूची गाळणी. तिने गाळ व लोह अडविले की मग कोळशाचा थर, आणि मँगनीज अधिक असल्यास वर सांगितल्याप्रमाणे प्रक्रिया केलेला. कोळशात पाणी किमान दहा-पंधरा मिनिटे राहील इतका प्रवाह मंद हवा. घाई केल्यास पाणी कोळशाला केवळ स्पर्श करून निघून जाते. कोळशाच्या थरावर जिवाणू वाढतात, म्हणून निर्जंतुकीकरणाची पायरी त्यानंतर ठेवावी.

शिक्षकांनी वर्गात निळ्या शाईचे पाणी कोळशातून गाळून दाखविण्यास हरकत नाही. मुलांना ते पाहून आनंद होतो. पण रंग गेला म्हणजे धातू गेला असे नव्हे, हेही त्याच तासाला सांगावे.

वापरलेला कोळसा

कोळसा धातूचा नाश करीत नाही. तो त्याला पाण्यातून उचलून स्वतःजवळ ठेवतो. बाके भरली की नवीन धातू सरळ पुढे जाऊ लागतात, आणि पाणी एकाएकी अधिक आम्लधर्मी झाले तर बसलेलेही उठून परत पाण्यात येतात. गाळणीतून येणारे पाणी दिसावयास पूर्वीसारखेच स्वच्छ असते, त्यामुळे हा क्षण डोळ्यांना कळत नाही. म्हणून पाण्याची नियमित तपासणी आणि कोळसा बदलल्याच्या तारखांची नोंदवही यांना पर्याय नाही. गाळणी बसविण्याचा समारंभ होतो. कोळसा बदलण्याचा होत नाही, आणि अनेक चांगल्या योजना या एकाच कारणाने निरुपयोगी ठरतात.

रंग व वास धरलेला कोळसा भट्टीत तापवून पुन्हा वापरता येतो, कारण ते पदार्थ जळून जातात. धातू जळत नाही. त्याला सौम्य आम्लाने धुऊन काढावे लागते आणि मग ते धातुयुक्त आम्ल सांभाळण्याचे काम उरते. गावपातळीवर हा उद्योग करू नये. वापरलेला कोळसा शेणखतात मिसळू नये, माडाच्या अळ्यात घालू नये, चुलीत जाळू नये. जाळल्यास कोळसा जातो आणि धातू राखेत अधिक दाट होऊन राहतो. भांडी घासण्यासाठी किंवा दंतमंजनासाठी तर त्याचा मुळीच उपयोग करू नये. तो झाकणाच्या पिंपात, पावसापासून दूर, तारखेची चिठ्ठी लावून ठेवावा आणि पिंप भरण्यापूर्वीच त्याच्या विल्हेवाटीविषयी गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचा सल्ला घ्यावा. त्यात धातूंचे प्रमाण अधिक आढळल्यास २०१६ चे धोकादायक कचऱ्याविषयीचे नियम लागू होऊ शकतात.

पाण्याचा नमुना

गावाने पाणी तपासणीस पाठविताना एकाच विहिरीचे दोन नमुने द्यावेत, एक जसेच्या तसे पाणी आणि दुसरे प्रयोगशाळेने पुरविलेल्या बारीक गाळणकागदातून गाळलेले. पहिल्या बाटलीत एकूण धातू मोजला जातो, दुसरीत केवळ विरघळलेला. दोहोंतील फरक हा गाळावरील धातू होय. फरक मोठा असेल तर निवळण-तळ्यांकडे व वाळूच्या गाळणीकडे लक्ष द्यावे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आणि मर्यादेपेक्षा अधिक असतील तर कोळशाचा विचार करावा. बाटल्या प्लॅस्टिकच्या, प्रयोगशाळेकडूनच आणलेल्या असाव्यात, कारण धातू बाटलीच्या भिंतीला चिकटू नयेत म्हणून त्यांत आम्लाचे थेंब घालावे लागतात. ते काम प्रयोगशाळेच्या सूचनेप्रमाणेच व्हावे. नमुना वर्षातून दोनदा तरी घ्यावा, एकदा मे महिन्यात, विहीर तळाला गेलेली असताना, आणि एकदा जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्याला पाणी आल्यावर. चिठ्ठीवर विहिरीचे ठिकाण, तारीख, वेळ, पाण्याची पातळी आणि आदल्या दिवशी पाऊस पडला होता की नाही, एवढे लिहावे.